मदत हवी आहे : ‘घाणा’ आणि ‘चरक’ यांतील नेमका फरक

कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळघरांत वापरल्या जाणाऱ्या शब्दांची सूची मी तयार करीत आहे. उसाचा रस काढणाऱ्या यंत्राच्या नावापाशी मात्र काम अडले आहे. करवीर तालुक्यातील दोन गुऱ्हाळांवर विचारले असता, विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या लोखंडी यंत्राला तरुण कामगार ‘चरक’ म्हणतात, तर एका वृद्ध गुळव्यांनी त्यालाच ‘घाणा’ म्हटले. ‘घाणा’ म्हटले की तेल्याचा, बैलाने फिरणारा घाणा प्रथम आठवतो. शिवाय भज्यांचा एका वेळी तळलेला घाणा आणि लग्नात घाणा भरण्याचा विधी हेही अर्थ आहेतच. शब्दकोश पाहिले आहेत, त्यामुळे केवळ कोशातील अर्थ नकोत. घरात किंवा शेतावर प्रत्यक्ष ऐकलेला वापर, गाव आणि अंदाजे काळासह हवा आहे. बैलांनी ओढल्या जाणाऱ्या, उभ्या लाटांच्या (ऊस पिळणाऱ्या रुळांच्या) जुन्या लाकडी यंत्रालाच पूर्वी घाणा म्हणत आणि लोखंडी यंत्र आल्यावर ‘चरक’ हा शब्द रूढ झाला, की आपल्या भागात दोन्ही शब्द एकाच वेळी चालत होते?