मदत हवी आहे : माळवदाच्या तुळयांमधील भुंगे कसे वाचवावेत?

लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी जुन्या वाड्याचे माळवद (लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छत) दिवाळीनंतर उतरवायचे आहे. त्याच्या सागवानी तुळयांमध्ये मोठ्या काळ्या भुंग्यांची, म्हणजे लाकूड कोरून राहणाऱ्या, मधमाशीच्या कुळातील कीटकांची, बिळे आहेत. त्यांत रॉकेल ओतावे, असा सल्ला मिळाला. तो मला मुळीच मान्य नाही.

हा भुंगा लाकूड खात नाही. मादी जबड्यांनी ते कोरते, पराग व मकरंदाच्या गोळ्यावर एक अंडे घालते आणि भुश्याची भिंत घालून पुढचा कप्पा सुरू करते. शिवाय तो पिकांच्या उपयोगाचा आहे. वांग्याच्या फुलातील पराग परागकोशाच्या टोकावरील छिद्रांतून बाहेर पडतो. त्यासाठी फूल घट्ट धरून उडण्याच्या स्नायूंनी ते थरथरवावे लागते, आणि पोळ्यातल्या मधमाशीला न जमणारे हे काम भुंगा करतो. हिमालयातील केसाळ भुंगेही ते करतात, परंतु ते मराठवाड्यात नाहीत. तुरीच्या फुलांवरही हाच भुंगा येतो.

तुळया अखंड ठेवून शेताच्या बांधावर छपराखाली हलवल्यास माद्या तेथे टिकतील का? आतील अळ्यांना धक्का लागू नये म्हणून कोणता महिना योग्य ठरेल? सोबत पोकळ बांबू लावल्यास त्यांची रुंदी किती असावी? आपल्या भागात कोणी असा प्रयत्न केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.