शेतात तिवरं उगवली म्हणजे ते जंगल झालं का?

खारेपाटचा नातू
पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेल्या भातजमिनीत, आमचं दीड एकर. एका उधाणात बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली. गावाने पेंढा-चिखल टाकून बुजवली, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गेली. तोवर निम्मा गाव नोकरीला पनवेल-मुंबईत, माती ओढणार कोण? अर्जांवर पोच मिळाली, माणूस आला नाही. खाडी दिवसातून दोनदा आत यायला लागली, भात संपलं, तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, रोपं दिसायला लागली. आज ती डोक्यावर गेलीत. ओहोटीला गेलो की आजोबांनी रोवलेला हद्दीचा दगड मुळांच्या गर्दीत दिसतो.

सातबारा आमच्या नावावर, पण तिवराला कोयता लावला तर गुन्हा. उच्च न्यायालयाने २००५ साली तोडीवर मनाई आणली. २०१८ च्या निकालाने सांगितलं, जमीन कोणाचीही असो, कांदळवन म्हणजे सीआरझेड-१, किनाऱ्यावरचा सगळ्यात कडक संरक्षणाचा भाग, वर भोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा. भराव टाकणाऱ्यांना आवर घालायला हे हवंच होतं. पण आम्ही कुठे भराव टाकला? बांध फुटून शेतात शिरलेली तिवरं जंगलात धरू नयेत, एवढंच म्हणणं आहे.

चिप्पी
दुःख कळतं, मागणी पटत नाही. हा अपवाद एकदा मान्य झाला की उरणपासून अलिबागपर्यंत प्रत्येक जमीनमालक म्हणेल, "इथे आमचे आजोबा भात लावायचे." जमिनीचे भाव बघा आणि मग सांगा, त्यातले किती जण खरंच भात लावतील.

आणि तिवराने तुमचं काय बिघडवलं? बांध आधी फुटला, झाड नंतर आलं. त्या चिखलात हवा नसते म्हणून ते बोटाएवढी मुळं वर काढून श्वास घेतं. जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, पान चाटून बघा. बांधाबाहेर तिवरांची रांग असली की लाटेचा जोर तिथेच मोडतो. जुनी माणसं ती रांग तोडू देत नसत.

खारेपाटचा नातू
बाहेरची रांग राहू द्या, तिच्याशी आमचं भांडण नाही. आतलं बोला. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचं कांदळवन २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१ मध्ये ३२४. टाळ्या वाजल्या. सगळी वाढ आमच्या शेतांतली असं मी म्हणत नाही, पण बुडालेली शेतं त्यात किती, हा आकडा कोणी शेजारी छापतं का? आणि २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी वीसेक हजार कांदळं तोडायची परवानगी मिळाली, ते सार्वजनिक हित. भात म्हणजे खाजगी हौस!

काठावरचा
आमच्या घरात तीन पिढ्या खाडीवर. जिताड्याची पिल्लं, कोळंबी, चिंबोऱ्या, सगळं या मुळांच्या आडोशाला वाढतं. खरं सांगायचं तर दादा, तुमच्यासारख्यांच्या बुडालेल्या शेतांत आम्हाला चांगल्या चिंबोऱ्या मिळतात.

खारेपाटचा नातू
म्हणजे चिंबोऱ्या तुमच्या, झाडं सरकारची आणि शेतसारा माझा. छान वाटणी आहे!

काठावरचा
😄 हिस्सा मागा की. नाही कोण म्हणतंय?

मातीवाला
दोघांनाही न आवडणारी गोष्ट सांगतो. उद्या बांध घातला, तिवरं काढली, तरी लगेच भात येणार नाही. या चिखलात गंधकाची संयुगं साठलेली असू शकतात. पाणी हटून हवा लागली की त्यांचं आम्ल होतं. मग मीठ आणि आम्ल दोन्ही धुऊन जायला पावसाळे घालवावे लागतात. सुरुवातीला काळा राता, भुरा राता असलीच खाऱ्या मातीतली भातं तग धरतील. गोव्यातल्या खाजनांत, म्हणजे तिथल्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतांतही हेच चाललंय, बांध फुटला की आत कांदळ. आपण झाडावरून भांडतोय, पण रोग बांधाचा आहे.

चिप्पी
मान्य. म्हणून माझी मागणी वेगळी आहे. झाड ठेवायचं तर शेतकऱ्याला दरवर्षी मोबदला द्या, नाहीतर जमीन रीतसर विकत घ्या. २०१७ पासून राज्याची कांदळवन उपजीविका योजना आहे, खेकडा-जिताड्याच्या शेतीला अनुदान मिळतं.

खारेपाटचा नातू
माहीत आहे. पण आई बासष्टची. तिला भाताच्या आवणीला ओणवं उभं राहता येतं, चिंबोरीची नांगी धरता येत नाही. मोबदल्याचं म्हणाल तर लेखी कोणी देत असेल तर मी वाद आज थांबवतो. नसेल तर शेत सोडणार नाही.

आणि फुटलेलं राहू द्या, जे शाबूत आहे त्याचं बघा. गावाच्या दुसऱ्या टोकाला उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ, माती खचलीय. तिथे आत अजून भात आहे. नारळी पौर्णिमेच्या उधाणाआधी बुजवली नाही तर ते चाळीस एकरही तुमच्या जंगलात जमा. रविवारी आम्ही पंधराएक जण फावडी घेऊन जातोय. तिवराच्या एका फांदीला हात लावणार नाही, फोटो काढायला या हवं तर.

चिप्पी
फोटो नको, फावडं आणते. ओहोटी किती वाजता?

खारेपाटचा नातू
सकाळी लवकर. वेळ आदल्या दिवशी कळवतो. चप्पल नको, चिखलात राहील.