मदत हवी आहे: आरव्हीची (चाकांवरच्या घराची) बॅटरी मध्यरात्रीच संपते (अ‍ॅरिझोना)

निवांत_भटक्या
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसा या सरकारी तळावर मुक्काम आहे. इथे विजेचं कनेक्शन नाही, सगळं सोलरवर. संध्याकाळी मीटर फुल्ल दाखवतो आणि रात्री दीड-दोनला सगळं ठप्प. घर गरम करणारी फर्नेस बंद, सौ.चं मशीन बंद, पहाटेपर्यंत नुसतं कुडकुडणं. दुकानदार म्हणतो दोन्ही बॅटऱ्या बदला, पण त्या गेल्याच वर्षी घेतल्यात. पॅनल खराब झालं असेल का? आज रात्रीचाच प्रश्न आहे, लवकर सांगा. "हॉटेलात जा" हे उत्तर नको.

तारवाला
बॅटरी कोणती, किती अँपिअर-अवरची? पॅनल किती वॉटचं? इन्व्हर्टर (बॅटरीवरून सॉकेटची १२० व्होल्टची वीज करणारा) आहे का? आणि सौ.चं मशीन म्हणजे कोणतं, शिवणाचं?

बंड्या ह्यूस्टन
लिथियम टाका, विषय संपला. लेड अ‍ॅसिड म्हणजे बैलगाडी. मी बदलल्यापासून मागे वळून पाहिलेलं नाही.

वाळवंटी आजोबा
लिथियम लिथियम काय? शून्याखाली तापमान गेलं की ती चार्जच होत नाही, आणि जबरदस्तीने केली तर आतून कायमची बिघडते. वरून जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा डबा) तिला नीट चार्ज करत नाही, तोही बदला. साधा दोन हजार वॉटचा जनरेटर घ्यावा, सकाळी दोन तास चालवावा. आम्ही कित्येक हिवाळे असेच काढले.

बंड्या ह्यूस्टन
आजोबा, क्वार्ट्झसाइटला शून्याखाली कितीदा जातं? आणि बॅटरी घराच्या आत ठेवली तर प्रश्नच कुठे येतो? शिवाय चांगल्या बॅटरीत थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारं सर्किट असतं. तुमचा जनरेटर ऐकून शेजारी दगड मारतील.

वाळवंटी आजोबा
रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा नियम आहे, आम्ही पाळतो. दिवसा कोण दगड मारतंय?

निवांत_भटक्या
भांडू नका हो. बॅटऱ्या दोन, १०० च्या, लेड अ‍ॅसिड. पॅनल छतावर, २०० वॉटची दोन. इन्व्हर्टर २००० वॉटचा, नोव्हेंबरात बसवून घेतला. सौ.चं मशीन म्हणजे झोपेत श्वास अडकतो त्याचं, वाफेच्या टाकीसकट. आता सांगा पॅनल खराब आहे का.

शुभांगी_टुसॉन
काका, विषयाशी संबंध नाही, पण मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) कुठलं घेतलंय? खासगी कंपनीचा अ‍ॅडव्हांटेज प्लॅन असेल आणि घर पूर्वेकडे असेल तर इथे तातडीच्या उपचारांपलीकडे डॉक्टर मिळणं कठीण जातं. मूळ मेडिकेअर देशभर चालतं. प्लॅन बदलायची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते. आमच्या सासऱ्यांना हे फार उशिरा कळलं.

तारवाला
पॅनलकडे नंतर येऊ. संध्याकाळी फुल्ल होतंय म्हणता ना, मग पॅनल आपलं काम करतंय. दुखणं रात्रीच्या खर्चात आहे. दोन बॅटऱ्या म्हणजे २०० अँपिअर-अवर, पण लेड अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात १००. फर्नेसचा पंखा चालू असताना ७-८ अँपिअर घेतो. रात्रभर चालू-बंद धरून ४० च्या आसपास जातील. मशीन वाफेसकट तासाला ४-५. बेरीज केली तर पहाटेपर्यंत ओढाताण होईल, पण दीडला मरायचं कारण नाही. अजून काहीतरी चालू आहे. फ्रिज कसला आहे?

निवांत_भटक्या
फ्रिज गॅसवरचा आहे, ऑटोवर ठेवलाय. त्याचा काय संबंध? दिवे सगळे एलईडी. टीव्ही नऊला बंद.

कोकणी मेवा
रिटायर होऊन माणसं वाळवंटात का राहतात हे मला कळत नाही. रत्नागिरीला या, समुद्र आहे, मासे आहेत, थंडी नाही.

निवांत_भटक्या
आणि मेपासून घामाची अंघोळ, ती कोण करणार? न्यू जर्सीत पंचवीसेक वर्षं बर्फ उपसला. इथे दुपारी टी-शर्टवर बसतो, सप्टेंबरच्या मध्यापासून १५ एप्रिलपर्यंत परवान्यावर राहता येतं, पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला सोय आहे. बाकी सरकारी जमिनीवर चौदा दिवसांनी बिऱ्हाड हलवावं लागतं, ते आता गुडघ्यांना झेपत नाही. कृपया विषयावर या.

गुड्डू_काका
आजची रात्र काढायची तर गॅसची शेगडी मंद ठेवा, एक खिडकी बोटभर उघडी. आम्ही तसंच करायचो.

शुभांगी_टुसॉन
काका, असलं काही सांगू नका! झोपेत कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली आहेत. शेगडी घर गरम करायला नसते. भटक्याकाका, अलार्म चालू आहे ना, त्याची मुदत संपली नाही ना, एवढं आधी बघा. आणि आज रात्री जास्तीची पांघरुणं घ्या.

तारवाला
शुभांगीताईंशी सहमत. भटक्यासाहेब, फ्रिजच्या पॅनलवर बघून सांगा, "गॅस"चा दिवा लागलाय की "एसी"चा, म्हणजे विजेचा. आणि इन्व्हर्टर नेमका कसा जोडलाय? त्याला दोन-तीन वस्तू लावता, की आणखी काही?

निवांत_भटक्या
दिवा एसीचा आहे. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने ट्रेलरची ती बाहेरची जाड केबल, कॅम्पग्राउंडच्या खांबाला लावतात ती, थेट इन्व्हर्टरलाच लावून दिली. म्हणाला, यामुळे घरातले सगळे सॉकेट चालतील. आणि चालतात. सौ. खूश आहे.

तारवाला
सापडलं!

केबल इन्व्हर्टरला लावली की ट्रेलरला वाटतं आपण खांबाला जोडलेलो आहोत. फ्रिज ऑटोवर आहे, १२० व्होल्ट दिसले की तो गॅस सोडून विजेवर जातो. त्याचा हीटर तीन-साडेतीनशे वॉटचा, म्हणजे बॅटरीतून २५ ते ३० अँपिअर. मधून मधून बंद होत असला तरी चार-पाच तासांत तो एकटाच बॅटरी निम्मी करतो. वर तुमचा कन्व्हर्टर जागा होतो आणि बॅटरीतलीच वीज घेऊन त्याच बॅटरीला चार्ज करायला बसतो. प्रत्येक फेरीत थोडी उष्णता होऊन वाया. पाणी तापवायच्या टाकीला विजेची कॉइल असेल आणि तिचाही स्विच चालू असेल तर विचारूच नका.

आजच करा: जाड केबल इन्व्हर्टरमधून काढा. फ्रिज ऑटोवरून गॅसवर आणा, गॅसवर त्याला वीज फार कमी लागते. पाण्याच्या टाकीचा विजेचा स्विच बंद. सौ.च्या मशीनला १२ व्होल्टची वेगळी वायर मिळते, कंपनीचीच घ्या, म्हणजे इन्व्हर्टर रात्री बंद ठेवता येईल. वाफ बंद केली तर खर्च निम्म्याहून कमी.

शुभांगी_टुसॉन
वाफ बंद करायची आधी डॉक्टरांना विचारा. इथली हवा इतकी कोरडी आहे की नाकातून रक्त येतं.

वाळवंटी आजोबा
तारवाल्यांनी बरोबर पकडलं. तरी जनरेटर हवाच. डिसेंबरात इथे दुपारी बारालाही सूर्य जेमतेम ३३ अंशांवर असतो. छतावर आडव्या पडलेल्या पॅनलला त्यामुळे निम्मंच ऊन मिळतं. दक्षिणेकडे तिरकी करा, फरक दिसेल. दोन ढगाळ दिवस आले की माझी आठवण येईल.

बंड्या ह्यूस्टन
लिथियम असती तर हा धागा निघालाच नसता.

तारवाला
लिथियम असती तर धागा पहाटे चारला निघाला असता. गळती तीच.

दातदुखी_५९
युमाजवळ सीमेपलीकडे मेक्सिकोत लॉस अल्गोडोनेसला दात स्वस्तात होतात असं ऐकलं. भटक्याकाका गेलात का? आई व्हिजिटर व्हिसावर आलीये, तिला नेता येईल का?

शुभांगी_टुसॉन
वेगळा धागा काढा. पण आईला नेण्याआधी वकिलाला विचारा, परत येताना अडकायला नको. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड खिशात ठेवा, येताना हायवेवर तपासनाका लागतो.

निवांत_भटक्या
केबल काढली, फ्रिज गॅसवर नेला. इन्व्हर्टरला रात्री फक्त मशीन, वाफेसकट, कारण वायर यायला आठवडा लागेल. सकाळी सहाला मीटर १२.२ व्होल्ट, फर्नेस रात्रभर चालली. दुकानदाराला बॅटऱ्या नको म्हणून कळवलं, त्याला फारसा आनंद झाला नाही. ज्याने केबल लावून दिली तो फोन उचलत नाही.

तारवालेसाहेब, आभार. आता सॉकेट चालत नाहीत म्हणून सौ. नाराज आहे, दाण्याची चटणी अडलीय. मिक्सर कसा लावू?

तारवाला
१२.२ म्हणजे निम्म्याच्या जरा वर, चालेल. मिक्सर दिवसा, ऊन असताना, थेट इन्व्हर्टरच्याच सॉकेटला लावा. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. मिक्सर किती वॉटचा?

निवांत_भटक्या
साडेसातशे. पुण्याहून आणलेला.

तारवाला
थांबा, लावू नका! २३० व्होल्टचा आहे ना तो?