कायदे नक्की कोणासाठी असतात, आपल्यासाठी की सरकारसाठी?

वाडीवरचा:
मंडळी जरा वैतागूनच विचारतोय. आमच्या वाडीचा सिमेंट रस्ता एका पावसाळ्यात उखडला, खडी हाताने निघतेय. म्हणून दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला, अंदाजपत्रक, एमबी (कामाच्या मोजमापाची वही) आणि ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या प्रती मागितल्या. उत्तर काय तर "वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही". सरकारी पैशाचा रस्ता वैयक्तिक कधीपासून झाला?? लोकांसाठी कायदा म्हणतात आणि वापरायला गेलं की तो साहेबाच्याच बाजूने उभा, असं कसं?

कट्टेकरी:
भाऊ ते कलमच बदललंय. आधी माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा उगाच कोणाच्या खाजगी गोष्टीत नाक खुपसलं जात असेल तरच नाकारता यायचं, आणि जनहित मोठं असेल तर तरीही द्यावं लागायचं. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याने हे सगळं छाटून नुसतं 'वैयक्तिक माहिती' ठेवलं, नोव्हेंबर २०२५ पासून लागू. २०१९ ला पण तसंच, माहिती आयुक्तांची (म्हणजे दुसरं अपील ज्यांच्यापुढे जातं त्यांची) ५ वर्षांची मुदत कायद्यात होती ती काढून केंद्र ठरवेल असं केलं, मग नियमात ३ वर्षं आली. आता ज्याच्या हातात आपला पगार आणि मुदत त्याच्याशी कोणता आयुक्त पंगा घेणार? माझं मत स्पष्ट आहे, सरकारसाठीच.

उगाच_वकिली:
अर्धंच पटलं. हा माहिती अधिकाराचा कायदा कोणी ताटात वाढून दिलेला नाही. राजस्थानात मजुरांनी हजेरीपट दाखवा म्हणून भांडण काढलं, १९९६ ला ब्यावरला धरणं धरलं, इकडे अण्णांनी उपोषणं केली, महाराष्ट्राचा कायदा तर २००२ चा, केंद्राच्या आधीचा. आणि कलम २२ बघा, इंग्रजांच्या १९२३ च्या गोपनीयता कायद्यापेक्षा हा वरचढ असं सरळ लिहिलंय, सरकारसाठीच असता तर हे कोण लिहू देतं?
@वाडीवरचा, ८(२) अजून जागेवर आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. ३० दिवसांच्या आत पहिलं अपील टाक आणि त्यात तेच धर. एमबीत लांबी, रुंदी, जाडी असते, त्यात कसलं आलंय वैयक्तिक! शिवाय कामाची पाहणी करायचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्क पण याच कायद्यात आहे, लोक मागतच नाहीत.

रिटायर्ड_बाबू:
टेबलापलीकडून सांगतो. अर्ज टाकायचा आणि मग ठेकेदाराकडे जाऊन 'मिटवून घेऊ' म्हणायचं असलेही महाभाग पाहिलेत, त्यांच्यामुळे खरा अर्जदार पण संशयात येतो. पण साहेब लोक घाबरायचे ते माहिती उशिरा दिल्याच्या दंडाला, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार आणि तेही स्वतःच्या खिशातून. मेख कुठे आहे तर दुसऱ्या अपिलाचा निकाल माहिती आयोगाने किती दिवसांत द्यायचा हे कायद्यात लिहिलेलंच नाही. फाईल पडून राहते, तोवर साहेबाची बदली.

वाडीवरचा:
धन्यवाद सगळ्यांना. नमुन्याचं डोक्यातच आलं नव्हतं. अपील ग्रामसेवकाकडेच द्यायचं का वर पंचायत समितीत?

उगाच_वकिली:
नकाराच्या पत्रात खाली अपिलीय अधिकाऱ्याचं पद आणि पत्ता असायलाच हवा, तिथेच दे. नसेल लिहिलेला तर अपिलात पहिला मुद्दा तोच टाक, आणि पोचपावती घेतल्याशिवाय हलू नकोस.