सापशिडीचा बाप म्हणे इजिप्तचा!

खडूस_काका: कालपासून ग्रुपवर पोस्ट फिरतेय, 'सापशिडी मूळची इजिप्तची, मेहेन हा तिथला प्राचीन पटखेळ तिचा बाप'. पट बघितला तरी आहे का कोणी? एकच साप, वेटोळं घातलेला, डोकं मधोमध, अंगभर घरं. शिडी औषधालाही नाही! आणि ज्याच्यावरून खेळाचं नाव पडलं तो मेहेन हा सापदेव तर रात्रीच्या प्रवासात सूर्यदेव रे याला वेटोळ्यात घेऊन राखणारा. गिळायला टपलेला तो अपोफिस. सगळे साप एकाच वारुळात कोंबू नका.

नाइलवासी: पोस्ट माझीच. साप आहे, घरं आहेत, शर्यत आहे. अजून काय पाहिजे?

खडूस_काका: शर्यत आहे हे कुणी सांगितलं? नियम कुठेच लिहिलेले सापडले नाहीत.

सोंगटी: नियमांचं बोलूच नका. 'अस्सल फेरोकालीन' म्हणून पोरांसाठी ऑनलाइन सेट मागवला. पुस्तिकेत तरस! आई विहिरीवर जाते, परत येते, मग तरस सुटतो. घरात नुसती मारामारी. शोधलं तर तो सुदानमधल्या बग्गारा अरबांचा विसाव्या शतकात नोंदवलेला खेळ. पैसे गेले ते गेलेच.

नाइलवासी: मग काय झालं? तोही वेटोळ्याचाच पट आहे. परंपरा टिकू शकते.

सोंगटी: चार हजार वर्षं? आमच्या सोसायटीत पार्किंगचे नियम चार महिने टिकत नाहीत.

वाळूचा_कण: तरसाला सोडा हो. इजिप्तमधल्या सक्कारातलं, हेसी-रे या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं चित्र बघा, तिसऱ्या राजवंशातलं. पुरातत्त्वज्ञ क्विबेलने १९११-१२ मध्ये ते थडगं खणलं. मेहेनसोबत सिंह, सिंहिणी आणि गोट्या रंगवल्यात. पुस्तिकेत सिंह होते का?

सोंगटी: प्लास्टिकचे होते. एकाचं शेपूट पहिल्याच दिवशी तुटलं.

मोक्षार्थी: आणि ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा सापशिडीसारखा मोक्षपट? तो सोयीस्कर विसरलात सगळे!

खडूस_काका: त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे एवढंच सांगा, 'जुन्या राज्या'नंतर, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांच्या काळानंतर, इजिप्तमधूनच हा पट गायब होतो. सेनेट हा तिथला दुसरा पटखेळ टिकला, तुतनखामेनच्या थडग्यातही निघाला. मेहेन देवही टिकला. मग गायब झालेला खेळ भारतात कसा पोचला? पोहत?

नाइलवासी: सायप्रसला पोचलाच की! दगडात कोरलेले पट सापडलेत तिथे.

खडूस_काका: सायप्रसचं मान्य. घ्या, एक गुण तुम्हाला. आता सायप्रस ते पैठण रस्ता दाखवा.

नाइलवासी: तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पोस्ट काढणार नाही, 'बाप'च्या जागी 'लांबचा काका' करतो फार तर.

सोंगटी: ते करा, पण तरसवाल्यांकडून पैसे परत कसे मिळवायचे ते कुणीतरी सांगा.