लक्षण आणि निदान यांतले अंतर
मोबाइलवर चित्रफिती पाहून स्वतःला एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) असल्याचे ठरवणे हा मुलांचा निव्वळ नखरा आहे, असे मत अनेकदा ऐकू येते; ते मला पटत नाही. त्यामागची काळजी मात्र रास्त आहे. कॅनडातील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टिकटॉकवरील या विषयाच्या १०० लोकप्रिय चित्रफितींपैकी ५२ दिशाभूल करणाऱ्या आढळल्या. निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांतील काही बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात, हे अर्ध्या मिनिटात कोण सांगणार? अपुऱ्या झोपेनेही (आणि ती याच मोबाइलपायी!) लक्ष उडते. तरीही मुलाने विषय काढलाच, तर हसण्यावारी नेऊ नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.