स्वागत समारंभात पूर्ण जेवण नको, फक्त अल्पोपहार: नगांचा हिशोब कसा करावा?

लगीनघाई
नमस्कार मंडळी. लग्नानंतरच्या स्वागत समारंभात पंगतही नको आणि पूर्ण बुफेही नको, असं दोन्ही घरांचं ठरलंय. हातात धरून खाता येतील असे पदार्थ, केक, सरबत आणि चहा-कॉफी एवढंच ठेवायचंय. पाहुणे १५०. त्यात २५ मुलं आहेत आणि ३० जण सत्तरीच्या पुढचे. सभागृह दुपारी ३ ते ६ किंवा संध्याकाळी ६ ते ९ मिळू शकतं. तिथल्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या आणि एक फ्रिज आहे. केटररने १८ पदार्थांची यादी दिलीय. माणशी किती नग धरायचे? १८ प्रकार ठेवावेत का? कुणी उपाशी परतू नये एवढीच इच्छा आहे.

मुदपाक
आधी वेळ पक्की करा, पदार्थ नंतर. ६ ते ९ घेतलंत तर पाहुणे रात्रीच्या जेवणाची भूक घेऊनच येणार, पत्रिकेत काहीही लिहिलेलं असो. तेव्हा माणशी १२ ते १४ नग लागतील, आणि एवढे छोटे नग वळायचे, भरायचे, मांडायचे म्हणजे पूर्ण जेवणापेक्षा जास्त हात लागतात. ३ ते ६ मध्ये माणशी ८ पुरतात. ३ ते ६ च घ्या, आणि पत्रिकेत ‘स्वागत समारंभ व अल्पोपहार, दुपारी ३ ते ६’ असं स्वच्छ छापा. शेवटची वेळ छापणं महत्त्वाचं आहे, नाहीतर काही मंडळी साडेपाचला येऊन जेवणाची वाट बघत बसतील.

हिशोब असा: मोठे १२५ × ८ = १,०००, मुलं २५ × ५ = १२५. एकूण १,१२५. त्यावर दहा टक्के धरून १,२४०. वयस्कर कमी खातात म्हणून त्यांचे नग वजा करू नका, तोच तुमचा राखीव साठा. नग म्हणजे २५ ते ३० ग्रॅम, दोन घासांत संपणारा. केटररचा नग ६० ग्रॅमचा असेल तर आकडा निम्म्यावर येतो, म्हणून नमुना मागवून वजन करून बघा. या एका गोष्टीवरून सर्वांत जास्त गोंधळ होतो.

१८ प्रकार अजिबात नकोत. माणूस प्रत्येक प्रकारातला एक तरी चाखतो. १,२४० नग १८ प्रकारांत वाटले की प्रत्येकी ६९ येतात, म्हणजे निम्म्याहून जास्त पाहुण्यांना ‘ते संपलं’ हेच ऐकावं लागणार. साधा नियम धरा: प्रत्येक पदार्थ जवळपास पाहुण्यांच्या संख्येइतका तरी हवा. त्या नियमाने सात प्रकार बसतात. दोन गरम, प्रत्येकी २५० (गरमावर नेहमीच उड्या पडतात). तीन थंड, प्रत्येकी १६०. दोन गोड, प्रत्येकी १३०, कारण केक वेगळा आहेच. सातांपैकी निदान तीन पोटाला आधार देणारे असू द्या: ब्रेड, बटाटा, चीज, अंडं, कडधान्य असं काहीतरी त्यात हवं. नुसती फळं आणि कुरकुरीत चकत्या कितीही ठेवल्या तरी तासाभरात भूक परत लागते.

बल्लव
दोन शेगड्या म्हणालात, म्हणून गरमाबद्दल सांगतो. तळणीचा एकच प्रकार ठेवा. मध्यम कढईत एका घाण्याला २५ नग, घाणा ५ मिनिटांचा, म्हणजे २५० नगांना एका शेगडीवर ५० मिनिटं. दुसरी शेगडी चहाला लागणारच. घाई करून एका वेळी ४० नग सोडलेत तर तेलाचं तापमान १७५ अंशांवरून झपकन उतरतं, नग तेल पितात आणि हातात घेतले की कागदाला डाग पडतो. दुसरा गरम प्रकार भाजलेला घ्या, तो बाहेरून तयार येऊ शकतो.

तळलेलं चेफिंग डिशमध्ये (खाली गरम पाण्याचा ट्रे आणि बत्ती असलेलं वाढायचं भांडं) झाकण लावून ठेवू नका. झाकणाखाली वाफ साचते, थेंब होऊन खाली पडते आणि दहा मिनिटांत कवच चामट होतं. जाळीवर एका थरात, उघडंच ठेवा आणि थोडं थोडं आणत राहा. चेफिंग डिश गरम पदार्थ गरम ठेवते, गार झालेला तापवत नाही. खालच्या ट्रेमध्ये पाणी ओततानाच उकळतं हवं. गार पाणी ओतून बत्ती लावली तर ते तापेपर्यंत पदार्थ कोमट होऊन बसतो.

गरम ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त काही राहू देऊ नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. क्रीम, अंडं, मांस, कापलेली फळं यांना हे कटाक्षाने लागू आहे. म्हणून सगळं एकदम मांडायचं नाही, आणि अर्ध्या रिकाम्या ताटात नवीन ओतायचं नाही. ताटच बदलायचं.

सँडविचचं: लोणी अगदी कडेपर्यंत लावा, मधल्या मधे नाही. टोमॅटो-काकडीचं पाणी ब्रेडमध्ये मुरायला तोच एक अडसर असतो. काकडीला मीठ लावून १५ मिनिटं ठेवा, पिळा, मग भरा. कापलेल्या सँडविचवर ओलसर पिळलेलं फडकं टाका, नाहीतर पंख्याखाली अर्ध्या तासात कडा वळतात. कुरकुरीत वाटीत ओलं सारण घालायचा पदार्थ असेल तर वाट्या आणि सारण वेगळं न्या आणि वाढण्याआधी १५ मिनिटं भरा.

तराजू
पेयं आणि भांडी राहिली. पहिल्या तासात माणशी दोन ग्लास, पुढे तासाला एक, असे २०० मिलिलीटरचे चार ग्लास. एकूण १२० लिटर: पाणी ६०, सरबत ४०, चहा-कॉफी २०. शेवटच्या २० लिटरमध्ये १५० मिलिलीटरचे १३० कप निघतात. बर्फ माणशी अर्धा किलो, म्हणजे ७५ किलो. बाटल्याही बर्फात ठेवायच्या असतील तर आणखी ४०. ग्लासात घालायचा बर्फ आणि बाटल्यांचा बर्फ वेगळ्या डब्यांत ठेवा.

ताटल्या १८ सेंटिमीटरच्याच घ्या, ३०० नग. मोठी प्लेट दिली की माणूस ती भरतो आणि अर्धं खरकट्यात जातं. ग्लास ४५०, कागदी रुमाल ६००.

एका हातात प्लेट, दुसऱ्यात ग्लास. मग खायचं कशाने? टेकायला जागा द्या: आठ जणांमागे एक उंच टेबल, साधारण १०५ सेंटिमीटरचं. खुर्च्या निदान ८०. पेयांचं टेबल पदार्थांच्या टेबलाशेजारी ठेवू नका, समोरच्या भिंतीला ठेवा, म्हणजे गर्दी फुटते. पदार्थांची दोन टेबलं, दोन्हींवर तेच सात प्रकार, आणि भिंतीपासून सुटी, म्हणजे दोन्ही बाजूंनी घेता येतं. ३० वयस्करांना एकत्र बसवा आणि तिथे ट्रे फिरवायला दोन माणसं नेमून द्या. त्यांना रांगेत उभं करू नका.

लगीनघाई
खूप उपयोग झाला. ३ ते ६ पक्कं केलं. आणखी एक: फोटो काढण्यात वधू-वर ४५ मिनिटं अडकणार. तोवर खाणं थांबवायचं का? आणि केक किती किलो?

मुदपाक
थांबवू नका, उपाशी पाहुणे पहिल्या मिनिटाला टेबलावर तुटून पडतात. ३ वाजता सरबत आणि दोन थंड प्रकार फिरवा. ३:२० ला बाकीचं उघडा. तोपर्यंतचे मिळून ५०० नग बाहेर काढा, ४:१५ ला आणखी ५००, ५:०० ला उरलेले २४०. हे आकडे केटररला लेखी द्या. तसं न केल्यास वाढपी सगळं पहिल्याच तासात मांडून मोकळे होतात.

केक माणशी ६० ग्रॅम, म्हणजे ९ किलो. कापायला समोर छोटा, २ किलोचा. उरलेला ७ किलो चौकोनी थाळीत, स्वयंपाकघरात आधीच कापलेला. सगळ्यांसमोर १५० तुकडे पाडत बसलात तर अर्धा तास जातो. आणि वधू-वरांसाठी प्रत्येक प्रकाराचे दोन-दोन नग ३:२० लाच डब्यात बाजूला काढा आणि फ्रिजमध्ये ठेवा. गरमाचे मात्र ५:०० च्या खेपेतून काढा.

बल्लव
प्रत्येक पदार्थापुढे नावाची चिठ्ठी ठेवा: शाकाहारी की मांसाहारी, अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, सुकामेवा आहे की नाही. दाण्याच्या पदार्थाचा चिमटा वेगळा, आणि ते ताट टेबलाच्या टोकाला ठेवा, म्हणजे त्याचा चुरा शेजारच्या ताटात पडत नाही. समारंभानंतर डबे भरून देणार असाल तर फक्त स्वयंपाकघरात नीट गार किंवा गरम राहिलेलंच द्या. दोन तास टेबलावर राहिलेलं देऊ नका.